ओम्नीची काच उतरवली आणि गंज दिसला: एका डेंटिंग-पेंटिंग कामाची सविस्तर नोंद

गाडी २००७ची मारुती ओम्नी, एमएच ०८ पासिंग, रंग सुपीरिअर व्हाइट. मालक रत्नागिरीजवळचे आंबा बागायतदार. मोसमात गाडीत आंब्याच्या पेट्या, एरवी खताची पोती, फवारणीचा पंप आणि कामाची माणसं. गाडीला शेड नाही. बारा महिने फणसाखाली उभी असते आणि वारा सुटला की समुद्राची खार थेट अंगावर येते. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे गाडी काढून टाकायचा विचार काकांच्या मनात नाही. २०२७मध्ये गाडीला वीस वर्षं होतील, तेव्हा पुन्हा पासिंगला उभी करायची आणि त्याआधी पुढची बाजू रंगवून घ्यायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, रबराला लागून, रंगाला फोड आले होते. त्यातल्या एकातून तपकिरी ओघळ खाली हेडलाइटच्या दिशेने उतरला होता. पावसात डावीकडच्या सीटपुढची मॅट ओली होते, हे त्यांनी चहा पिताना सहज सांगितलं. रंगाच्या कामाशी त्याचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. माझ्या दृष्टीने मात्र सगळं काम त्या ओल्या मॅटपासूनच सुरू होत होतं.

मी काच काढावी लागेल म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "अहो मिस्त्री, काच कशाला उतरवताय? रबराला टेप लावा, घासा आणि मारा रंग. काच गेली म्हणजे उगाच दुप्पट खर्च."

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि तो चुकीचा नाही. काच काढणं म्हणजे जोखीम आहे, वेळ आहे, आणि तोवर गाडी जागची हलत नाही. त्यामुळे 'काढावीच लागते' एवढं सांगून भागत नाही, का काढावी लागते ते दाखवावं लागतं.

दाखवायला पुरावा गाडीवरच होता. दोनेक पावसाळ्यांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी हाच कोपरा टेप लावून रंगवला होता. रबराच्या ओठाखाली पट्टी घातली तर नव्या रंगाची धार बरोबर रबराच्या कडेवर संपलेली दिसत होती. म्हणजे पाणी जिथे थांबतं नेमकी तिथेच रंगाची उघडी कड. तिच्याखालून पाणी शिरलं, आत आधीपासून असलेल्या गंजाला येऊन मिळालं आणि रंग आतून उचलला गेला. वर ओल थांबवायला रबराच्या कडेने सिलिकॉन भरलं होतं. बाजारात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. ते उघड्या पत्र्यावर लावणं म्हणजे गंजाला मदत करणं. शिवाय त्या थराने आत गेलेल्या पाण्याची बाहेर यायची वाटही बंद केली होती.

काकांना टोच्या हातात दिला आणि म्हटलं, फोडावर तुम्हीच दाबा. रंग फुटला, मागोमाग पापुद्रे सुटले आणि टोक सहज आत गेलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "काढा काच."

पाणी तिथेच का थांबतं

ओम्नीची पुढची काच चिकटवलेली नसते. काचेभोवती रबर बसवलेलं असतं आणि त्या रबराची दुसरी खाच पत्र्याच्या कडेवर चढते. ही कड म्हणजे बाहेरचा आणि आतला पत्रा एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेली पट्टी. दोन स्पॉटच्या मध्ये पत्रे एकमेकांना टेकलेले असतात, जुळलेले नसतात. त्या फटीत रंग जात नाही, पाणी मात्र जातं, आणि एकदा गेलं की उन्हाळ्यातही सहज सुकत नाही.

रबर नवं असताना लवचीक असतं, दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवतं. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते आखडतं आणि कडक होतं. छताच्या पन्हळीतून उतरलेलं पाणी पिलरवरून, म्हणजे काचेच्या बाजूच्या खांबावरून, घरंगळत खालच्या कोपऱ्यात येतं आणि आखडलेल्या रबराच्या मागे साठतं. या गाडीत त्याला फणसाच्या पानांचा चुरा मिळाला होता. कोपऱ्यात कुजलेल्या पानांचा काळा गाळ बसला होता आणि तो सदा ओला राहत होता. आपल्याकडे रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बाकीचे महिने मीठ काम करतं. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे खारट धूळ बसलेला पत्रा पाऊस नसतानाही ओलाच राहतो.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. कडेच्या दोन पत्र्यांमध्ये गंज धरला की तो त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, कड फुगते आणि रबराच्या खाचेत मावेनाशी होते. तो दाब पुढे काचेवर येतो. खालच्या कोपऱ्यातून आपोआप तडा गेलेली काच घेऊन लोक येतात आणि दगड लागला असेल म्हणतात. अशा वेळी मी काचेच्या आधी कड बघतो.

काच उतरवताना

आधी बॅटरीच्या वायरी सोडवल्या, वायपरचे हात काढले, डॅशबोर्डवर जाड गोधडी पसरली. मग कटरने बाहेरून रबराचा ओठ चहूकडून कापून काढला. जुनं रबर वाचवायच्या नादात बरेच जण पेचकस घालून उचकटतात. अशाने काच जाते, कारण काचेचा जीव तिच्या कडेत असतो. मधोमध जोराने दाबलेलं ती सोसते, पण कडेला पेचकसाचं टोक टेकलं तर तिथून तडा धावतो. कामाच्या एकूण खर्चात रबर ही सगळ्यात किरकोळ वस्तू आहे. ते कापायचं, नवं आणायचं.

ओठ निघाल्यावर एक माणूस आत बसला आणि वरच्या कोपऱ्यापासून तळहाताने हळूहळू बाहेर रेटू लागला, बाहेर दोघं हात पसरून उभे. वरची कड सुटली की बाकीची काच अलगद येते. काच गोधडीवर, भिंतीला टेकवून, उभी ठेवली. आडवी ठेवली की तिची गोलाई मधोमध भार घेते आणि कोणीतरी तिच्यावर काहीतरी ठेवतंच.

ही काच लॅमिनेटेड होती, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. १९९६नंतर बनलेल्या चारचाकींना समोर लॅमिनेटेड काचच लागते. डाव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा दुधाळ पट्टा दिसत होता. कडेतून पाणी शिरून आतला पडदा सुटायला लागला की असं होतं. पट्टा रबराखाली झाकला जाणार होता, नजरेच्या वाटेत येत नव्हता, आणि कडेवरून नख फिरवलं तर कुठे टवका लागला नाही. म्हणून तीच काच परत वापरायची ठरवली. टवका असता तर ती परत बसवली नसती.

कोपरा

रबर निघाल्यावर जे दिसलं ते काकांना बोलावून दाखवलं. बाहेरून रुपयाएवढा दिसणारा फोड आत वीतभर पसरला होता. कडेचा खालचा भाग कोपऱ्यापासून मधल्या दिशेने जाळीसारखा झाला होता आणि पिलरच्या पायथ्याशी बाहेरच्या पत्र्याला बोट जाईल एवढं भोक होतं. उजवा कोपरा वरून स्वच्छ दिसत होता. तिथेही सिलिकॉन खरवडल्यावर तांबूस रेघ निघाली, पण टोच्या आत गेला नाही. वरची कड पूर्ण चांगली होती. तिच्यावर कंपनीचा मूळ रंग अजून चमकत होता.

सगळ्यात आधी सिलिकॉन. त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात बारीक बारीक खड्डे पडतात, आणि तसाच घासला तर तो घासणीबरोबर सगळीकडे पसरतो. म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने दोन वेगळ्या फडक्यांनी पुसून घेतला, एकाने ओलं लावायचं, दुसऱ्याने लगेच कोरडं करायचं. त्यानंतरच ग्राइंडर हातात घेतला.

वायर ब्रशच्या चाकाबद्दल एक सांगायला हवं. ते गंज काढतं, पण जोरात दाबलं तर उरलेला गंज घासून चकचकीतही करतं, आणि तो साफ पत्र्यासारखा दिसतो. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहिले तर गंज अजून जिवंत आहे. मी वायर ब्रशनंतर फ्लॅप डिस्क (घासायच्या कागदाच्या पाकळ्यांची चकती) फिरवतो, मग उन्हात नेऊन बघतो, आणि संशय आला तर टोच्या मारतो. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द.

उजव्या कोपऱ्यातल्या रेघेला फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज मारायचं औषध, पुरेसं होतं. ते लावलं, काम करू दिलं, आणि नंतर नीट धुऊन वाळवलं. ॲसिडचा अंश ठेवून त्यावर एपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला तर पकड धरत नाही. डाव्या कोपऱ्यात अशा औषधाला काही अर्थ नव्हता. जिथे पत्राच उरलेला नाही तिथे औषध कशाला लावणार? आमच्या धंद्यात अशा भोकावर जाळी किंवा फायबर लावून वरून पुट्टी ओढायची पद्धत आहे. पुट्टी पाणी शोषते आणि कडेवर ती कधीच चालत नाही, कारण तिथे रबर दाबून बसतं आणि गाडी खड्ड्यात गेली की फ्रेम किंचित पिळवटते. पुट्टीला तडा जातो आणि पाणी परत आत.

म्हणून कापायचं ठरलं. त्याआधी साचा घेतला. काचेची फ्रेम डावी-उजवी सारखी असते, त्यामुळे चांगल्या उजव्या कोपऱ्यावर जाड पुठ्ठा धरून कडेची गोलाई पेन्सिलीने उतरवून घेतली आणि पुठ्ठा उलटा करून डावीकडे लावला. कड आतल्या बाजूला किती वळलेली आहे त्यासाठी दुसरा, उभा साचा. या कामात हेच जपायचं असतं. कड दोन-तीन मिलिमीटर जरी आत-बाहेर झाली तरी रबर तिथे ओढलं जातं आणि काच बसवताना किंवा महिन्याभराने तडकते.

मग सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. चांगला म्हणजे कापल्यावर दोन्ही बाजूंनी चमकणारा. एका बाजूने चमक आणि मागून तपकिरी असेल तर अजून पुढे. शाबूत कडेवरचे स्पॉट ड्रिलने फोडून दोन पत्रे सुटे केले, कारण मधला गंज काढायचा तर त्यांना उघडावंच लागतं. उघडल्यावर मधून तपकिरी भुकटी ओंजळभर निघाली.

नवा तुकडा २२ गेजच्या सीआरसी, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्र्यातून केला, आतला वेगळा, बाहेरचा वेगळा. गोलाई हातोडी आणि लाकडी ठोकळ्यावर हळूहळू आणली. जिथे पत्रे एकावर एक येणार तिथे आतून झिंकचा वेल्डेबल (ज्यावरून वेल्डिंग करता येतं असा) प्रायमर मारला. बाहेरचा तुकडा कडेला कड जोडून, आणि कडेची पट्टी सहा मिलिमीटरची भोकं पाडून त्यातून वेल्ड भरून, म्हणजे कंपनीच्या स्पॉटच्या जागी.

वेल्डिंग सीओटू मशीनने केलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात विजेने तार वितळवणाऱ्या मशीनने. ज्योतीच्या गॅस वेल्डिंगची आच लांबवर पसरते आणि एवढ्या पातळ पत्र्याला पोळी फुगावी तसा फुगवटा येतो, मग तो ठोकत बसावं लागतं. सीओटूनेही सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका इथे, दुसरा टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक ठिपक्यानंतर पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा. दर काही ठिपक्यांनी साचा लावून बघायचा. कंटाळवाणं काम आहे, पण घाईने वाकलेली कड सरळ करण्यापेक्षा ते परवडतं. डॅशच्या मागच्या वायरिंगवर ओली गोणपाटं टाकली होती आणि पाण्याची बादली घेऊन एक पोरगा शेजारी उभा केला होता. झिंकचा धूर वाईट असतो, तेव्हा शटर उघडं आणि तोंडाला मास्क.

घासून सपाट केल्यावर रात्री गाडीत टॉर्च ठेवला आणि बाहेरून बघितलं. दोन जागी सुईएवढा उजेड आला. त्या भरल्या.

आणि मग, रंगाचं नाव काढायच्या आधी, जुन्याच रबराचा एक तुकडा कडेवर सरकवून सगळीकडे फिरवून पाहिला. डाव्या कोपऱ्यात तो उजवीकडच्याइतकाच सहज फिरला, तेव्हा पुढे गेलो.

रंग

इथे थोडक्यात. उघड्या पत्र्यावर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) एपॉक्सी प्रायमर, कडेच्या फटीत ब्रशने दाबून आणि बाकी गनने. तो धरल्यावर जोडांवर सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारा लगदा. मग सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा थर), पाणी लावून घासणं, आणि त्यावर टू-के पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, पांढरा. पुट्टी फक्त बाहेरच्या पत्र्यावर, एपॉक्सीच्या वर, नखाएवढी पातळ. रंग कडेवरून आत वळून गाडीच्या आतल्या बाजूला संपला. काच काढल्याचा सगळा फायदा तो हा. रबर आता रंगाच्या मधोमध बसतं, रंगाची धार त्याच्या आसपास कुठे येत नाही.

कडेवर मात्र हात आवरता घ्यावा लागतो. थरांवर थर चढवले की कड जाड होते आणि रबर बसत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. कार्ट्रिजचा मास्क लागतोच, आणि याबाबतीत मी कोणत्याही पोराचं ऐकत नाही.

काकांना मधेच वाटलं होतं की गाडी निळी करून घ्यावी. रंग बदलला तर आरटीओत आरसी बुकावर तशी नोंद करून घ्यावी लागते. पासिंग तोंडावर असताना हे वाढीव काम कशाला, असं मी सुचवलं. पांढराच ठेवला.

परत बसवणं

गनने मारलेला रंग वरून सुकला तरी आतून काही दिवस मऊ असतो. त्यावर लगेच रबर चढवलं तर दोरी ओढताना कडेवरचा रंग सोलून निघतो, आणि नेमका तिथलाच रंग वाचवायला हा सगळा खटाटोप केलेला. म्हणून गाडी शटरच्या आत, उघड्या जागेवर प्लास्टिक टांगून, तशीच ठेवली. प्लास्टिकची टेप ताज्या रंगावर लावायची नाही, ती आतल्या बाजूने लावायची. काका रोज फोन करत होते. मोसम संपला होता, त्यामुळे थांबले.

नवं रबर आधी काचेवर चढवलं, जोड वरच्या बाजूला मधोमध. पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून भरली, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवर घेऊन आत सोडली. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्यावर न सुकणारा काळा मॅस्टिक, म्हणजे चिकट लगदा, लावला. साबणाचं पाणी फासलं, काच बाहेरून टेकवली. बाहेरचा माणूस तळहाताने दाबतो, आतला दोरी ओढतो, आणि दोरीबरोबर रबराचा ओठ कडेवरून उलटून आत येतो. बाहेरचा हात नेहमी दोरीच्या जागेसमोर हवा. दोरी पुढे गेली आणि हात मागे राहिला तर ओठ अर्धवट चढतो. डाव्या कोपऱ्याशी दोरी अडेल अशी मला धास्ती होती. तिथेही ती त्याच वेगाने गेली.

पाण्याची चाचणी खालून वर करतात. आत कोपऱ्यांत वर्तमानपत्र कोंबून, एक माणूस टॉर्च घेऊन आत, आणि पाइपचं पाणी जोर न देता आधी खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटी वर. आधीच वरून पाणी सोडलं तर गळती कुठली ते कळत नाही. कागद कोरडा निघाला.

शेवटचं काम कोणाला दिसत नाही. पिलरच्या आतल्या पोकळीत वेल्डिंगमुळे मूळचा रंग जळालेला असतो. तिथे बारीक नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारं पातळ मेण) सोडलं आणि पिलरच्या तळाचं निचऱ्याचं छिद्र त्याने बुजलं नाही ना, ते तारेने तपासलं.

काकांना एवढंच सांगितलं, की पावसाळ्यापूर्वी आणि नंतर जुन्या टूथब्रशने रबराच्या खालच्या कोपऱ्यातला पानांचा चुरा काढा, गोड्या पाण्याने पुढची बाजू धुवा, आणि ओल दिसली तर सिलिकॉन न लावता गाडी माझ्याकडे आणा. जमलं तर फणस सोडून दुसरीकडे उभी करा. त्यावर ते म्हणाले, सावली तेवढीच आहे. तेही खरं.

पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर ते पेट्रोल भरायला जाताना गॅरेजवर थांबले. मॅट उचलून बघितली, सुकी होती. डावा कोपरा दाबून बघितला, रंग घट्ट. छताच्या पन्हळीत, सरकत्या दरवाजाच्या वर, मात्र जुना सीलर तडकलेला दिसला आणि त्याच्याखाली तांबूस रेघ सुरू झाली आहे. ते काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, घ्यायचं ठरलं आहे. पन्हळीसाठी कॅरिअर उतरवावा लागेल, तेव्हा त्याच्या क्लॅम्पखालचा पत्राही बघून घेता येईल.